पिकअप बदलायला निघालात? आधी एवढं तपासा

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मनासारखा येईना की पहिला संशय पिकअपवर जातो, म्हणजे तारांखालच्या त्या चुंबक-कॉइलवर जी तारेचं हलणं विजेच्या सिग्नलमध्ये बदलते. "दादा, हे पिकअप बेकार आहेत, काढूनच टाका," असं म्हणत मुलं गिटार माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवतात; काही जण तर नवा पिकअप खोक्यासकट घेऊन येतात. त्यातले बरेच जुने पिकअप ठणठणीत निघतात. बिघाड तारांत असतो, उंचीत असतो, केबलमध्ये, नाही तर भलत्याच ओहमच्या पॉटमध्ये (नॉबखालचा फिरता रेझिस्टर). म्हणून आधी तपासणी, मग खरेदी. क्रम फुकटापासून महागाकडे ठेवला आहे, मधली पायरी गाळू नका.

लक्षणं

"टोन चांगला नाही" यावरून काहीच कळत नाही. तक्रार नेमकी करा:

– सतत गुणगुण, आणि गिटार घेऊन वळलं की ती कमी-जास्त होते.
– गेन वाढवला की पॉवर कॉर्डचा (जाड तारांवर एकत्र वाजवलेल्या दोन-तीन सुरांचा) लगदा होतो, जाड तारा सुट्या ऐकू येत नाहीत.
– ब्रिज पिकअप (तारा अडकवतात त्या टोकाचा; मानेकडचा तो नेक पिकअप) कानाला टोचतो. किंवा उलट, सगळाच आवाज बसलेला.
– एखाद-दुसरी तार बाकीच्यांपेक्षा दबलेली.
– जाड तारेवर वरच्या फ्रेटना थरथर, ट्यूनरचा काटा जागेवर राहत नाही.
– दोन पिकअप एकत्र लावले की आवाज पातळ, नाकातला.
– मोठ्या आवाजात नकोशी शिट्टी.
– मध्येच आवाज जातो, नॉब फिरवला की खरखर.
– नवा पिकअप घातला, फरक शून्य.

शेवटचं लक्षण सगळ्यात जास्त दिसतं आणि खिशाला सगळ्यात जास्त लागतं.

केबल, अ‍ॅम्प, बॅटरी

मित्राची गिटार तुमच्या अ‍ॅम्पला लावा, मग तुमची गिटार मित्राच्या अ‍ॅम्पला, प्रत्येक वेळी केबल बदलून. दोष ज्याच्यामागे फिरतो तो गुन्हेगार. गिटारवरचे सगळे नॉब पूर्ण उघडे ठेवा. टोन अर्धा बंद असलेल्या स्थितीत पिकअपला नावं ठेवणारे भेटतात, म्हणून सांगतोय.

केबल लांब आणि हलकी असेल तर ट्रेबल खाते. तारेच्या दर मीटरला थोडी कॅपॅसिटन्स असते, आणि पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीच्या पिकअपचा सिग्नल इतका नाजूक की सहा-सात मीटर केबलने त्याची धार कमी होते. आवाज बसल्यासारखा वाटत असेल तर तीन मीटरची चांगली केबल लावून ऐका. मधले सगळे पेडल काढून गिटार थेट अ‍ॅम्पला जोडा.

पिकअप अ‍ॅक्टिव्ह असतील, म्हणजे ईएमजीसारखे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे, तर इथेच बॅटरी बदला. बॅटरी उतरत आली की आवाज फाटतो, आणि अगदी "पिकअप गेला" असंच वाटतं. अशा गिटारीत जॅक हाच स्विच असतो. केबल रात्रभर लावून ठेवली की बॅटरी सकाळपर्यंत खर्च होत राहते.

तारा

जुन्या, गंजलेल्या तारांवर जगातला कुठलाही पिकअप चांगला वाजणार नाही. नवा सेट काही शे रुपयांत येतो, परदेशी हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) काही हजार मोजावे लागतात. आधी सेट टाका.

एक प्रकार वरचेवर दिसतो. गिटार चकचकीत, तारा नव्या कोऱ्या, तरी वरच्या दोन बारीक तारा ओरडतात आणि बाकीच्या चार दबलेल्या. नीट पाहिलं तर जाड तारांचा रंग पितळी. दुकानदाराने अकूस्टिकचा ब्राँझ सेट बांधून दिलेला असतो. पिकअपला लोखंडाचं हलणं कळतं. ब्राँझच्या वेटोळ्याला चुंबक विचारत नाही, फक्त आतल्या पोलादी गाभ्याचा सिग्नल मिळतो. निकल प्लेटेड स्टीलचा सेट घातला की "नवीन पिकअप" फुकट मिळतात.

उंची

ही तपासणी एका स्क्रूड्रायव्हरची आहे, आणि सगळ्यात जास्त गिटारी हिच्यावरच बऱ्या होतात.

तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. पोलच्या (पिकअपवर तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या खुंटीच्या) डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर पोलादी पट्टीने मोजा. सुरुवातीला हे आकडे धरा:

– स्ट्रॅटचे (फेंडर स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या गिटारीचे) साधे सिंगल कॉइल: जाड तारेकडे २ मिमी, बारीक तारेकडे १.६ मिमी.
– व्हिंटेज धाटणीचे: २.४ आणि २ मिमी.
– टेक्सस स्पेशलसारखे जोरकस: ३.२ आणि २.४ मिमी.
– गिब्सन पद्धतीचे हंबकर: नेकला २.४, ब्रिजला १.६ मिमी.

स्ट्रॅटच्या प्रत्येक पिकअपमध्ये सहा पोल असतात आणि प्रत्येक पोल स्वतःच चुंबक असतो. नेक पिकअप फार वर आला तर तो जाड तारेला खाली ओढतो, तार नीट झुलत नाही, एका सुरात दोन सूर भांडल्यासारखे ऐकू येतात. ब्रिजचे सॅडल पुढेमागे करून इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) जमत नाही म्हणून लोक नेक वाकली, फ्रेट खराब झाले असे निष्कर्ष काढतात. नेक पिकअपचे स्क्रू दोन फेरे खाली, संपलं.

लगदा होत असेल तर नेक पिकअप खाली घ्या. ब्रिज पातळ वाटत असेल तर तो थोडा वर. अर्ध्या फेऱ्याने जायचं, दर वेळी ऐकायचं. दोन्ही पिकअपचा आवाज सारखा भरेपर्यंत नेक खालीच राहू द्या, कारण नेकपाशी तार जास्त झुलते आणि तिथला पिकअप मुळातच मोठ्याने बोलतो.

गुणगुण आणि करंट

स्ट्रॅटचा स्विच १, ३, ५ वर गुणगुणतो आणि २, ४ वर गप्प बसतो? मग काहीही बिघडलेलं नाही. आजच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, म्हणून दोघं मिळून गुणगुण मारतात. सिंगल कॉइलचा हा स्वभाव आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ती हवेतून कॉइलमध्ये शिरणारच. याच त्रासावर गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ च्या सुमारास दोन कॉइल एकमेकींविरुद्ध जोडून हंबकर केला.

आता तारांना हात लावून ऐका. हात लावल्यावर आवाज कमी होतो: ठीक. काहीच फरक नाही: ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची वायर सुटली असेल (ईएमजीसारख्या अ‍ॅक्टिव्ह गिटारीत ती बऱ्याचदा नसतेच). हात लावल्यावर वाढतो: जॅकवरच्या दोन वायर उलट्या लागल्या आहेत. मोबाइलचा चार्जर, लॅपटॉपचा अडॅप्टर, एलईडी दिव्याचा डिमर आणि जुनी ट्यूबलाइट एकेक करून बंद करून पाहा. गिटारच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून शील्डिंग केलं तर डिमरची चरचर जाते. ट्रान्सफॉर्मरची जाड गुणगुण मात्र त्याने फारशी हलत नाही, कारण ती चुंबकीय असते आणि तांबं तिला अडवत नाही. शील्डिंगवर खर्च करण्याआधी कुठला आवाज आहे ते ओळखा.

तारांना हात किंवा माईकला ओठ लागल्यावर झटका बसतो का? तिथेच थांबा. गिटार खाली ठेवा, अ‍ॅम्प बंद करा, सॉकेटमधून पिन काढा. हा गिटारचा दोष नसतो, अर्थिंगचा असतो. मांडवातली लटकती वायरिंग, तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरवर बसवणं, जुन्या घरात अर्थिंगच नसणं. परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. अर्थची पिन कापून गुणगुण घालवणारे महाभाग आहेत. त्यांच्या नादी लागू नका, माणसं गेलेली आहेत.

जॅक, स्विच, पॉट

जॅकचा नट सैल झाला की जॅक गोल फिरतो आणि आतली वायर पिळून तुटते. मध्येच आवाज जाण्याचं हे पहिलं कारण. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या हवेत जॅकच्या पत्तीवर आणि स्विचच्या दातांवर थर चढतो. पावसाळ्यानंतर अशा गिटारी ढिगाने येतात. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, पॉटच्या फटीत एक फवारा, मग नॉब पूर्ण मागेपुढे वीसेक वेळा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. दाराच्या बिजागरीचं तेल मारू नका. ते आत चिकट राहतं आणि धूळ धरतं.

मल्टिमीटर

इथून पुढे अंदाज संपतो. केबल गिटारला लावा, दुसऱ्या टोकाच्या प्लगवर मीटरच्या दोन सुया: एक टोकावर, एक दांड्यावर. मीटर २० किलोओहमवर, गिटारचे नॉब पूर्ण उघडे, स्विच एकेका पिकअपवर.

स्ट्रॅटचा सिंगल कॉइल साधारण साडेपाच ते सात, जुन्या धाटणीचा हंबकर सात ते नऊ, जोरकस हंबकर तेरा ते सतरा दाखवतो. व्हॉल्यूम पॉट समांतर असल्यामुळे आकडा जरासा कमी येईल, घाबरू नका. दोन पिकअप एकत्र असताना तो निम्म्यावर येतो, तेही बरोबर. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे उघडं सर्किट, तर वायर सुटली आहे किंवा कॉइल तुटली आहे. शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. हंबकर निम्माच आकडा दाखवत असेल तर एक कॉइल शॉर्ट झाली आहे, नाही तर कॉइल स्प्लिटचा (हंबकरची एकच कॉइल वाजवण्याचा) स्विच अडकला आहे. अ‍ॅक्टिव्ह पिकअपला हे आकडे लागू नाहीत, त्यांचं असं मोजूच नका.

दोन पिकअपचा एकत्र आवाज नाकातला येतो का? स्क्रूड्रायव्हर एकेका पिकअपच्या पोलवर टेकवून झटकन उचला. मीटरचा आकडा एका पिकअपला वर आणि दुसऱ्याला खाली उडाला तर दोघं फेजबाहेर आहेत, म्हणजे एकमेकांचा आवाज कापतात. फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनच्या लेस पॉल गिटारीत नेक पिकअपचं चुंबक उलटं होतं आणि तोच नाकातला आवाज त्याची ओळख बनला, पण तुम्हाला तो हवा असेलच असं नाही.

पॉटचे ओहम

हंबकरला ५०० किलोओहम, सिंगल कॉइलला २५०, अ‍ॅक्टिव्ह ईएमजीला २५. पॉट हा पिकअपवरचा भार आहे. ओहम जितके कमी तितकी ट्रेबल जास्त गळते. "नवा हंबकर घातला तरी आवाज बसलेलाच" या तक्रारीमागे स्ट्रॅटचे मूळ २५० चे पॉट असतात. उलट सिंगल कॉइलला ५०० लावले की कानात सुई. ईएमजी काढून पॅसिव्ह घातले आणि २५ चे पॉट तसेच ठेवले, तर पिकअप कितीही भारी असो, आवाज मेलेलाच येणार. ब्रिजला हंबकर आणि बाकी दोन सिंगल अशा गिटारीत ५०० चा व्हॉल्यूम लावून सिंगलच्या वाटेत ४७० किलोओहमचा रेझिस्टर समांतर टाकतात, म्हणजे त्यांना २५० सारखं वाटतं. टोनचा कॅपॅसिटर हंबकरला ०.०२२ मायक्रोफॅरड, सिंगलला ०.०४७, ही जुनी रीत. नॉब पूर्ण उघडा असताना यातला फरक ऐकू येत नाही, तेव्हा महागड्या कॅपॅसिटरच्या मागे लागू नका.

सगळं ठीक निघालं, तरी आवाज आवडत नाही?

मग पिकअप बदला, पण किलोओहमचा आकडा पाहून नको. "सोळाचा घेतला, आठच्या दुप्पट जोर" हा हिशेब चुकीचा आहे. बारीक वायर वापरली की तितक्याच वेटोळ्यांत आकडा फुगतो. चुंबक कुठलं, वेटोळी किती, वायर किती जाड, हे सगळं मिळून आवाज ठरतो. काय वाजवता ते आधी.

स्वच्छ आवाजात आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून), फंकची चिकचिक, गझलेच्या मागे हलके कॉर्ड वाजवत असाल तर कमी जोराचे सिंगल कॉइल घ्या. चुंबकाच्या मिश्रधातूंपैकी अल्निको ५ ची धार जास्त, अल्निको २ आणि ३ मऊ. बोटांचा फरक ऐकू येतो तो इथेच.

ब्लूज आणि जुना रॉक: पीएएफ (गिब्सनचा सुरुवातीचा हंबकर) धाटणीचा हंबकर, साडेसात-आठ किलोओहमच्या आसपास, अल्निको २ किंवा ५. हंबकर जाड वाटत असेल तर पी-९०. गिब्सनने तो १९४६ मध्ये आणला, आहे सिंगल कॉइल, बोलतो मात्र दोघांच्या मधलं. गुणगुणही करतो, हे धरून चला.

ऐंशीच्या दशकातला हार्ड रॉक हवा असेल तर डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन, जो १९७२ पासून बाजारात आहे आणि बदलून घालायच्या पिकअपची बाजारपेठ ज्याने उभी केली, किंवा सेमूर डंकनचा जेबी. पहिल्यात सिरॅमिक चुंबक, दुसऱ्यात अल्निको ५. जेबी काही गिटारींत वरच्या सुरांना तिखट लागतो. उजळ लाकडाच्या, मॅपल नेकच्या गिटारीत घालण्याआधी कुणाच्या तरी गिटारीवर ऐका.

मेटलवाल्यांशी माझं कायम वाजतं. खाली उतरवलेल्या ट्यूनिंगला सगळ्यात जोरदार पिकअप हवा हा समज. खालचे सूर आधीच जड असतात, त्यात बास फुगवणारा पिकअप घातला की रिफची भाजी होते. इथे हवा बास आवळून धरणारा पिकअप. सिरॅमिक चुंबकाचा ईएमजी ८१ ब्रिजला याचसाठी चालतो. गेन अ‍ॅम्पमधून भरपूर मिळतो, तो पिकअपकडे मागू नका.

आता ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या कार्यक्रमात किंवा गोव्याच्या शॅकमध्ये कव्हर वाजवणाऱ्यांबद्दल. एका रात्रीत लावणी, किशोरची गाणी, इंग्रजी रॉक. यांना ब्रिजला मध्यम जोराचा हंबकर कॉइल स्प्लिटसह, आणि नेक व मधल्या अशा दोन जागी एकावर एक कॉइल असलेले बिनगुणगुणीचे सिंगल, एवढं पुरतं. स्टेजवरच्या एलईडी पट्ट्या सिंगल कॉइलला रडवतात. यातले बरेच जण हल्ली मल्टिइफेक्टमधून थेट मिक्सरला जातात. तिथे जोरकस पिकअप इनपुटलाच फाटतो आणि दोष पुन्हा पिकअपवर येतो. आधी युनिटचा इनपुट लेव्हल कमी करून बघा.

जॅझला नेकवर सौम्य हंबकर. बाकी काम फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीने गुंडाळलेल्या) तारा करतात.

घेण्याआधी मापं

ब्रिजचा आणि नेकचा पिकअप वेगळा असतो, अदलाबदल करू नका. पोलमधलं अंतर बघा: गिब्सन पद्धतीचं पहिल्या ते सहाव्या पोलपर्यंत सुमारे ४९ ते ५० मिमी, स्ट्रॅटच्या रुंद ब्रिजला त्याहून दोन-तीन मिलिमीटर जास्त लागतं. पिकगार्ड उघडून पोकळी बघा, हंबकरची जागा कोरलेली आहे का, खोली पुरते का. चार वायरचा पिकअप असेल तर रंग कंपनीगणिक बदलतात. सेमूर डंकनमध्ये काळी गरम (म्हणजे सिग्नलची), पांढरी आणि लाल एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओत लाल गरम, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की वर सांगितलेला नाकातला आवाज आलाच.

इथे थांबा, कारागिराकडे जा

कॉइल तुटली आहे हे मीटरने सांगितलं तर. आतली वायर सुमारे ०.०६ मिमीची, केसाएवढी; ती उलगडायला बसलात तर दुरुस्त होण्यासारखा पिकअपही हातचा जातो. रिवाइंडिंग करणारे आहेत, त्यांना द्या.

मोठ्या आवाजातली शिट्टी उंची बदलून आणि लांब उभं राहूनही जात नसेल, आणि पिकअपवर नखाने टकटक केल्यावर ती अ‍ॅम्पमधून माईकसारखी ऐकू येत असेल, तर त्यातलं मेण कमी पडलं आहे. पुन्हा मेणात बुडवावा लागतो. घरच्या गॅसवर पॅराफिन वितळवू नका, ते पेटतं. आणि उष्णता थोडी जास्त झाली तर प्लॅस्टिकचा बॉबिन वाकतो.

लाकूड कोरायचं असेल तर. सेमी-हॉलो गिटार असेल तर, जिथे सगळी वायरिंग एफच्या आकाराच्या छिद्रातून दोऱ्याने ओढावी लागते. गिटार जुनी आणि मौल्यवान असेल तर, कारण मूळ सोल्डर हलला की किंमत उतरते. आणि हातात फक्त २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न असेल तर पॉटच्या पाठीवर सोल्डर मारायला जाऊ नका. पॉटची पाठ उष्णता पिते, तुम्ही आयर्न दाबून धरता, सोल्डर काही धरत नाही आणि आतला कार्बनचा ट्रॅक जळतो.

कारागिराकडे जाताना गिटारसोबत तुमची नेहमीची केबल न्या, मीटरवर आलेले आकडे लिहून न्या, आणि काहीही सोडण्याआधी काढलेला वायरिंगचा फोटो. पूर्वी कुणी आत हात घातला असेल तर तेही सांगा. निघालेला जुना पिकअप परत मागून घ्या, त्याच्या वायर जितक्या लांब होत्या तितक्याच लांब ठेवायला सांगा. गिटार विकायची वेळ आली तर घेणारा मूळ पिकअप मागतोच.